पावलांची मोजदाद आणि मंदावलेला श्वास

(मेलकावेरी, कुंभकोणम येथे तमिळमधून दिलेल्या व्याख्यानाचा अनुवाद)



फुप्फुसांचा जुनाट विकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालय उभे राहते: क्ष-किरणांची छायाचित्रे, नळीत फुंकर मारावयास लावणारे यंत्र, औषधाचा फवारा. आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते रुग्णालयाबाहेरच्या काळाविषयी. रुग्ण वैद्यापुढे महिन्यातून फार तर पंधरा मिनिटे बसतो. बाकीचा सारा काळ तो घरात, अंगणात, भाताच्या खाचरात, कावेरीच्या घाटावर किंवा कुंभकोणमच्या बाजारात असतो. त्या काळात तो किती चालतो, किती वेळ उभा राहतो आणि किती वेळ नुसता बसून असतो, हे अगदी अलीकडेपर्यंत कोणालाच नीट माहीत नव्हते. कमरेला, दंडाला किंवा मनगटाला बांधता येण्याजोग्या लहानशा संवेदक यंत्रांमुळे ते आता मोजता येऊ लागले आहे. या मोजमापातून काय हाती आले, आणि तंजावरच्या या मुलखात ते कितपत उपयोगी पडेल, हा आजचा विषय होय.

ज्या विकाराला डॉक्टर मंडळी सीओपीडी या आद्याक्षरांनी ओळखतात, त्यात श्वासमार्ग अरुंद होतात आणि फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांच्या भिंती झिजतात. हवा आत घेणे एक वेळ जमते. ती पुरती बाहेर टाकणे जमत नाही. माणूस चालू लागला की श्वास जलद होतो, आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वीच नवी आत येते, छाती फुगलेलीच राहते आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. माणूस थांबतो. उद्या तो तितके चालण्याचे टाळतो. न चालल्याने मांड्यांचे स्नायू रोडावतात, रोडावलेले स्नायू थोड्याच कामात थकतात, आणि परवा त्याला त्याहूनही कमी अंतरावर धाप लागते. रोग फुप्फुसाचा, पण पाय अधू होतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार 2016 मध्ये भारतात या विकाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते; 1990 मध्ये हाच आकडा 2 कोटी 80 लाखांच्या घरात होता. दरम्यान लोकसंख्या वाढली, आयुर्मान लांबले, हे या तुलनेत धरावयास हवे. तरीही संख्या लहान नव्हे.

फुप्फुसाची शक्ती मोजण्याचे शास्त्र तसे जुने आहे. इंग्लंडमधील जॉन हचिन्सन या डॉक्टराने 1846 साली आपल्या श्वसनमापक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकर मारावयास लावली. आपल्याकडेही रुग्णाची नोंद ठेवण्याची परंपरा नाही असे नाही. तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, नेत्ररुग्णांच्या ज्या नोंदी आणि डोळ्यांची जी चित्रे तयार झाली, ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. मात्र हचिन्सनचे यंत्र काय किंवा तंजावरची ती चित्रे काय, दोहोंचा रोख अवयवाकडे आहे. अवयव किती बिघडला हे त्यांतून समजते. बिघडलेल्या अवयवाच्या धन्याचा दिवस किती आक्रसला, हे समजत नाही.

या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः तसे नाही. श्वसनमापकावर सारख्याच फुंकरीची नोंद असलेल्या दोन रुग्णांपैकी एक रोज देवळापर्यंत जाऊन येतो आणि दुसरा ओसरीवरून उठत नाही, असे पुष्कळदा आढळते. रुग्णालयातील तीस मीटर लांबीच्या बोळात रुग्णाला सहा मिनिटे चालावयास लावण्याची एक चाचणी आहे आणि ती चांगली चाचणी आहे. परंतु तिच्यातून कळते ते रुग्ण काय करू शकतो हे. घरी गेल्यावर तो काय करतो, हा प्रश्न निराळाच राहतो.

मग त्यालाच विचारावे, हे ओघाने आले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाची, चार्ल्स फ्लेचर यांच्या कामातून निघालेली, धापेची एक पायरीवार प्रश्नावली जगभर वापरली जाते. सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसांच्या बरोबरीने चालता येते काय, असा तिच्यात एक प्रश्न आहे. आता हा प्रश्न या गल्लीतील एखाद्या वयस्क स्त्रीला विचारून पाहा. आपल्या वयाच्या माणसांबरोबर सपाट रस्त्यावर ती शेवटची कधी चालली होती, हेच तिला प्रथम आठवावे लागेल.

समजा, मेलकावेरीतील एक साठीची गृहिणी आहे. तरुणपणी ती पहाटे उठून दारात सडा घाली आणि उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंत मोठा थोरला कोलम काढी. पुढे तो कोलम लहान होत गेला. वाकले की धाप लागते म्हणून प्रथम ठिपक्यांच्या ओळी कमी झाल्या. मग सडा सून घालू लागली. नंतर कोलमही तिच्याकडे गेला. नदीवर जाणे बंद झाले, कारण घरात नळ आला. बाजार थोरला मुलगा करू लागला. या प्रत्येक बदलाला एक सयुक्तिक कारण होते आणि त्यांत आजाराचे नाव कोठेच आले नाही. डॉक्टरांनी तिला विचारले, ‘‘धाप लागते का?’’ तर ती खरेच सांगेल, ‘‘नाही, तसा काही त्रास नाही.’’ ज्या ज्या कामाने धाप लागे ते प्रत्येक काम तिने सोडून दिलेले असते. वयाप्रमाणे असे व्हावयाचेच, हे घरच्यांचेही मत असते. निदान हाती येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे निघून जातात, आणि जो काळ उपचाराला सर्वांत अनुकूल, तोच वाया जातो. माझ्या मते या विकाराचे खरे कपट येथे आहे.

या ठिकाणी यंत्राचा उपयोग होतो. त्याच्या पोटात सिलिकॉनचा, डोळ्यांना न दिसणारा, एक सूक्ष्म भार अतिशय नाजूक आधारांवर तोललेला असतो. शरीर हलले की तो भार किंचित मागे राहतो, धावत्या बसमध्ये ब्रेक लागताच आपण पुढे झुकतो तसा. त्या विचलनाने लगतच्या पट्ट्यांतील विद्युतधारकता बदलते आणि तो बदल आकड्याच्या रूपाने नोंदला जातो. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांत हे चालते. एका सेकंदाला तीस नोंदी धरल्या तर एका आठवड्यात तिन्ही दिशा मिळून पाच कोटींहून अधिक आकडे जमतात. रामानुजन ज्या गावात वाढले त्या गावाला आकड्यांचे भय घालण्याचे कारण नाही. परंतु हे लक्षात ठेवावे की त्या पाच कोटींत ‘पाऊल’ अशी नोंद एकही नसते. कोणत्या हेलकाव्याला पाऊल म्हणावयाचे आणि कोणत्या हालचालीला बसणे, हे नियम माणसाने ठरविलेले असतात. कोणा माणसांवरून ठरविलेले असतात, हा प्रश्न पुढे येईलच.

2005 साली फाबिओ पित्ता या ब्राझीलच्या संशोधकाने आणि बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. त्यांनी 50 रुग्ण आणि त्यांच्याच वयाचे 25 निरोगी लोक घेतले व दिवसाच्या बारा तासांत कोण काय करतो हे यंत्राने टिपले. निरोगी माणसे सरासरी 81 मिनिटे चालत होती. रुग्ण 44 मिनिटे. निरोगी माणसे 295 मिनिटे उभी असत. रुग्ण 191 मिनिटे. उरलेला वेळ बसण्यात आणि दिवसाढवळ्या पडून राहण्यात जाई. शिवाय रुग्ण चालत तेही हळू चालत. त्याच गटाच्या दुसऱ्या एका कामात रुग्णांचा स्वतःचा अंदाज, चित्रफीत आणि यंत्राची नोंद ही एकमेकांशी ताडून पाहिली गेली. यंत्र आणि चित्रफीत यांचा मेळ बसला. रुग्णांचा अंदाज मात्र चुकला, आणि चालण्याच्या बाबतीत तो वास्तवाहून अधिक निघाला. रुग्ण खोटे बोलत होते असा याचा अर्थ नव्हे. आपण दिवसभरात किती मिनिटे चाललो हे आपल्यापैकी तरी कोणाला सांगता येईल?

2011 मध्ये जर्मनीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. 170 रुग्णांच्या दंडाला यंत्र बांधून त्यांची रोजची हालचाल मोजण्यात आली आणि पुढे सुमारे चार वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. कोण जगला आणि कोण नाही, याचा सर्वांत चांगला अंदाज फुंकरीच्या आकड्यावरून येत नव्हता. तो हालचालीच्या आकड्यावरून येत होता. या निष्कर्षावर उडी मारून ‘चाला म्हणजे जगाल’ असे फलक लावणे मात्र घाईचे ठरेल. जो अधिक आजारी तो कमी हालतो, हेही तितकेच खरे आहे, आणि नुसत्या निरीक्षणातून कारण कोणते व परिणाम कोणता याचा निवाडा होत नाही. त्या दंडावरच्या यंत्राचे उत्पादन पुढे थांबले, ही दुसरी अडचण. एका यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळतीलच असे नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. युरोपातील रुग्ण बहुधा विडी-सिगारेट ओढणारा वृद्ध पुरुष असतो. आपल्याकडे तसे पुरुष आहेतच. परंतु ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशा स्त्रियाही रुग्णांत आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये या बाजूकडे लक्ष वेधले: जगात धूम्रपान करणारे सुमारे एक अब्ज, तर सरपण, गोवऱ्या आणि काटक्या यांच्या धुरात वावरणारे सुमारे तीन अब्ज. आपल्याच राज्यातील तिरुवळ्ळूर जिल्ह्यात चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठाने 900 बिगरधूम्रपानी ग्रामीण स्त्रियांची तपासणी केली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सुमारे अडीच टक्के स्त्रियांना हा विकार आढळला, आणि रोज दोन तासांहून अधिक वेळ चुलीपुढे घालविणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक दिसले.

अशा स्त्रीच्या कमरेला युरोपात घडविलेले यंत्र बांधले तर काय होईल? पहिली गोष्ट, ते बांधावयाचे कोठे? ही यंत्रे पॅन्टच्या पट्ट्यासाठी केलेली आहेत. नऊवार असो की येथील पद्धतीने नेसलेली साडी असो, निऱ्यांच्या जाडीत ते डळमळते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कमरेवरचे यंत्र चालणे चांगले ओळखते, त्यातही भरभर चालणे. सावकाश, पाय ओढत चालणाऱ्याची पुष्कळ पावले त्याच्या हिशेबातून गळतात, आणि आपला रुग्ण चालतो तो नेमका तसाच. चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणी फुंकणे, पाट्यावर वरवंटा फिरविणे, रगड्यात इडलीचे पीठ वाटणे, गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणे, या श्रमांत पाऊल क्वचितच पडते. यंत्राच्या लेखी ती स्त्री बसून आहे. उलट मनगटावरचे यंत्र वरवंट्याच्या प्रत्येक फेऱ्यालाही पाऊल समजण्याचा संभव असतो. दम लागेपर्यंत राबणारी बाई एका यंत्रात आळशी ठरते, तर दुसऱ्यात बसल्या जागी कोसभर चालून येते.

यावर उपाय नाही असे नव्हे. ज्या माणसांची हालचाल मोजावयाची, त्यांचीच कामे समोर पाहून यंत्राचे नियम नव्याने बसवावे लागतात. पित्ता यांनी चित्रफितीशी पडताळा पाहिला तो याचसाठी. पुढे त्यांच्या देशातील रुग्णांची ऑस्ट्रियातील रुग्णांशी तुलना झाली, तेव्हा ब्राझीलचे रुग्ण अधिक चालणारे निघाले. हवामान, वाहने, पैसा, घराची ठेवण या सर्वांचा वाटा त्यात असू शकतो. तेव्हा बेल्जियमचा 44 मिनिटांचा आकडा मेलकावेरीत मापदंड म्हणून वापरणे, हे एका गावचा शेर घेऊन दुसऱ्या गावच्या बाजारात बसण्यासारखे आहे. दिवसाला दहा हजार पावलांचे जे प्रमाण आज तोंडी झाले आहे, त्याची कथा तर याहून गमतीची. 1965 साली जपानात ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाचे एक साधन विक्रीला आले आणि नावाबरोबर आकडाही जगभर पसरला. फुप्फुसाच्या रुग्णांचा विचार त्यात कोठेच नव्हता. त्याला दहा हजारांचे उद्दिष्ट देणे निर्दयपणाचे आहे. त्याच्या दिवसात सहाशे ते अकराशे पावलांची भर पडली तरी ती अर्थपूर्ण मानावी, असे 2016 मधील एका अभ्यासाचे म्हणणे आहे.

अंगावर यंत्र वागविण्याची कल्पना या भागात अगदीच नवी नाही. येथून पूर्वेला समुद्रकाठच्या नागपट्टिनम जिल्ह्यात, आणि कळ्ळकुरिचीकडे, हॅपिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार देशांतील प्रयोगाचा भारतीय भाग पार पडला. 2018 पासून भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथील मिळून 3,200 गर्भवती स्त्रिया त्यात घेण्यात आल्या; निम्म्यांना गॅसची शेगडी आणि मोफत गॅस देण्यात आला. त्या स्त्रियांनी चोवीस-चोवीस तास धूर मोजणारे लहान यंत्र अंगावर बाळगले. 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासाच्या हवेत एका घनमीटरमागे सरासरी सुमारे 103 मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण होते, तर गॅस मिळालेल्यांत 35. असे असूनही बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हे प्रयोगकर्त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. आणि तसे नोंदविणे हीच विज्ञानाची रीत होय. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की त्या धूरमापकात हालचाल टिपणारा संवेदकही बसविलेला होता. तो रुग्णाची हालचाल अभ्यासण्यासाठी नव्हता. यंत्र अंगावर आहे की खुंटीवर, एवढेच त्याच्याकडून कळावयाचे होते.

मला वाटते, त्या दुय्यम संवेदकाला आता मुख्य काम द्यावयास हवे. कोणत्या तासाला किती धूर छातीत गेला आणि कोणत्या तासाला पाय किती हलले, या दोन रेघा एकाच कागदावर उमटल्या, तर चुलीपुढील धूर, दम लागणे आणि त्यानंतरची विश्रांती यांचा क्रम डोळ्यांनी पाहता येईल. तमिळनाडूत सरकारने मोफत गॅस-शेगड्या वाटल्या, 2016 मध्ये केंद्राची उज्ज्वला योजना आली. तरी न्हाणीचे पाणी तापविण्यास वा भात उकडण्यास मागीलदारी चूल पेटलेली अनेक घरांत दिसेल. ती चूल शिरगणतीच्या कागदावर नसते, धूरमापकात असते.

मोजून पुढे काय, असे आपण विचाराल. औषधाच्या फवाऱ्याने श्वासमार्ग मोकळे होतात, चालण्याची शक्ती वाढते. पण वाढलेली शक्ती आपोआप पायांत उतरत नाही. माणसाची सवय बदललेली असते, घरच्यांची त्याहून अधिक. 2017 मध्ये युरोपातील सहा केंद्रांच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात 343 रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांना पावले मोजणारे यंत्र आणि दूरध्वनीवरून सल्ला मिळाला. बारा आठवड्यांत ते इतरांहून दिवसाला सुमारे दीड हजार पावले अधिक चालू लागले. अमेरिकेत माजी सैनिकांवर असाच एक प्रयोग झाला. तेथे चार महिन्यांनी जवळजवळ आठशे पावलांची वाढ दिसली आणि वर्षअखेर तो फरक उरला नाही. यंत्र आठवण करून देते, सोबत करीत नाही. आमच्याकडे पहाटे देवळाच्या प्रदक्षिणेला किंवा फज्रच्या नमाजाला एकमेकांना हाका मारीत निघणारी माणसे आहेत. ती सोबत कोणत्याही दूरध्वनीहून स्वस्त आणि टिकाऊ आहे. मात्र ती बहुतेक पुरुषांच्या वाट्याला येते.

शिवाय पावलांची संख्या हे अर्धेच सत्य. दोघी बायका दिवसाला तीन हजार पावले चालतात; एक सहज चालते, दुसरी प्रत्येक वळणावर भिंतीला टेकते. युरोपातील प्रोअॅक्टिव्ह या प्रकल्पाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत मला म्हणूनच समतोल वाटते. तीत यंत्राचे आकडे आणि ‘किती जड गेले?’ हा प्रश्न दोन्ही एकत्र धरले आहेत.

येथे कोणी असे काम हाती घेणार असेल तर काही व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. यंत्र रोज निदान आठ तास अंगावर असावे आणि असे किमान चार दिवस मिळावेत, हा सर्वसाधारण संकेत आहे. स्नानाला ते काढून ठेवलेले असले तर तो वेळ विश्रांतीत धरला जाऊ नये. सोबत एक वही द्यावी, आणि जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी चुलीचे, रगड्याचे, खाटेचे चित्र काढावे. तिने रेघ ओढली की पुरे. सणाचा आठवडा टाळावा. 2016 च्या महामहमसारख्या पर्वात घेतलेले मोजमाप या गावच्या कोणत्याही साध्या दिवसाला लागू पडणार नाही. एकदा मोजून थांबूही नये. ऐप्पसीच्या पावसात वाटा बुडतात आणि निरोगी माणूसही घरात बसतो. मार्गळीच्या पहाटे अंगणे कोलमांनी भरतात, पण त्याच थंड हवेत जुन्या फुप्फुसांना धाप लागते. तै महिन्यात कापणी असते. तेव्हा तीच स्त्री, तेच यंत्र, आणि निदान दोन ऋतू. आठवड्याअखेरीस यंत्र परत घेताना त्यातील आकड्यांचा आलेख तमिळमध्ये छापून प्रथम तिच्या हाती द्यावा, दवाखान्याच्या कपाटात नव्हे. दुपारी दोन ते चार ही रेघ सपाट का आहे, हे सांगणारी तीच आहे.